आवृत्तीबदलानंतर अदृश्य होणारे तार्किक खंड : लिनक्स प्रणालीतील एका दोषाचे निदान

१. प्रश्नाचे स्वरूप

लिनक्स प्रणालीची जुनी आवृत्ती जाऊन नवी यावी, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि ज्या खंडावर अनेक वर्षांची मोजमापे व निरीक्षणे साठविलेली आहेत तो खंडच यादीत आढळू नये, हा प्रसंग स्वतःचे सर्व्हर चालविणाऱ्या विभागांना अपरिचित नाही. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया 'माहिती गेली' अशी होते आणि दुसरी, काहीही करून खंड पुन्हा निर्माण करण्याची होते. पहिली प्रतिक्रिया बहुधा चुकीची असते. दुसरी मात्र अमलात आल्यास पहिलीला खरी करून सोडते.

आवृत्तीबदलात मुख्यतः बदलतात त्या प्रणालीच्या स्वतःच्या फाइली : कर्नल, आज्ञांचे कार्यक्रम, त्यांच्या मांडणीच्या फाइली. माहितीच्या डिस्कवर त्या क्रियेत सामान्यतः काहीही लिहिले जात नाही. तेव्हा बदलानंतर खंड दिसत नसेल, तर प्रथम संशय घ्यावयाचा तो पाहणाऱ्या यंत्रणेचा, पाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा नव्हे. नाश आणि अदर्शन हे दोन भिन्न दोष आहेत. त्यांची बाह्य लक्षणे सारखी असली तरी उपाय परस्परविरुद्ध आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर योजणे घातक ठरते. हा भेद कसा ओळखावा याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. तार्किक खंडाची रचना

लिनक्समधील तार्किक खंड-व्यवस्थापक, म्हणजेच एलव्हीएम, हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये प्रथम लिहिला. एचपी-यूएक्स या प्रणालीतील खंड-व्यवस्थापक हा त्यांच्यापुढील आदर्श होता. आज वापरात असलेली दुसरी पिढी, एलव्हीएम-२, ही 'डिव्हाइस मॅपर' या कर्नलमधील घटकावर उभी आहे. २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या २.६ कर्नलमध्ये हा घटक अंतर्भूत होता.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. डिस्क किंवा तिचा एखादा विभाग हा भौतिक खंड. असे एक वा अनेक भौतिक खंड मिळून खंडसमूह होतो. समूहातील जागा ठराविक मापाच्या तुकड्यांत विभागलेली असते. विशेष सूचना नसल्यास तुकड्याचे माप ४ मेबीबाइट असते. अशा तुकड्यांचा हवा तेवढा संच एकत्र बांधून तार्किक खंड बनतो. उदाहरणार्थ, १०० गिबीबाइटचा तार्किक खंड म्हणजे २५,६०० तुकड्यांची एक यादी. हे तुकडे एकाच डिस्कवर सलग असतील किंवा तीन डिस्कवर विखुरलेले असतील. फाइल-व्यवस्थेला तो एकच अखंड पृष्ठभाग दिसतो.

तेव्हा तार्किक खंड ही डिस्कवर कोठे तरी ठेवलेली स्वतंत्र वस्तू नसून तो एक नकाशा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो नकाशा कोठे लिहिलेला असतो? प्रत्येक भौतिक खंडाच्या पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात, बहुधा दुसऱ्यात, एक लेबल असते. त्यात त्या भौतिक खंडाचा यूयूआयडी, म्हणजे अन्य कोणाशीही न जुळणारा ओळखक्रमांक, नोंदलेला असतो आणि रचनानोंद कोठे आहे याचा निर्देश असतो. रचनानोंद साध्या वाचनीय अक्षरांत लिहिलेली असून समूहातील सर्व खंडांचे वर्णन तीत असते. तिला एक अनुक्रमांक असतो व प्रत्येक बदलाबरोबर तो एकाने वाढतो. विशेष सूचना नसेल तर समूहातील प्रत्येक भौतिक खंडावर या नोंदीची एक प्रत ठेवली जाते, आणि नवी नोंद जुनीवर न लिहिता तिच्या पुढील जागेत, चक्राकार पद्धतीने, लिहिली जाते.

सात-बाराच्या उताऱ्याशी या नोंदीचे साम्य सहज लक्षात येईल. तलाठ्याच्या दप्तरात उतारा सापडला नाही म्हणून शेत नाहीसे होत नाही. फरक इतकाच की, येथे उताऱ्याची मूळ प्रत शेताच्या बांधातच पुरून ठेवलेली असते. कचेरीतील दप्तर जळाले तरी ती उकरून वाचता येते. जोपर्यंत बांधावर कोणी नांगर फिरविलेला नाही तोपर्यंत सर्व काही परत मिळू शकते.

३. दर्शनाची साखळी

संगणक सुरू झाल्यापासून खंड वापरास सिद्ध होईपर्यंत सहा गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. (१) डिस्कच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल होऊन डिस्क दिसू लागते. (२) डिस्कवर एन्क्रिप्शन किंवा सॉफ्टवेअर रेड यांचा थर असल्यास तो आधी उघडला जातो, कारण लेबल त्याच्या आत असते. (३) एलव्हीएम त्या डिस्ककडे पाहण्यास मुखत्यार असतो. (४) लेबल व रचनानोंद वाचून समूह पूर्ण झाल्याची खात्री होते. (५) तार्किक खंड कार्यान्वित होतो, म्हणजे डिव्हाइस मॅपरला नकाशा दिला जाऊन खंडाचे नाव उमटते. (६) शेवटी 'एफएसटॅब' या फाइलीतील नोंदीप्रमाणे त्यावरील फाइल-व्यवस्था माउंट होते.

यांपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी वापरणाऱ्यास दिसणारे लक्षण एकच : खंड नाही. लक्षणावरून कारण कळत नाही, ही या दोषाची खरी अडचण आहे. तथापि साखळी क्रमबद्ध असल्यामुळे निदानही क्रमबद्ध करता येते. खालची कडी शाबूत असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज वरच्या कडीविषयी तर्क करू नये, एवढे एक पथ्य पाळले म्हणजे पुरे.

४. कडी कोठे तुटते

पहिल्या कडीचा दोष जुन्या यंत्रांवर आढळतो. नवी आवृत्ती कित्येक जुन्या नियंत्रकांचे ड्रायव्हर वगळते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत असे अनेक ड्रायव्हर गळले. अशा वेळी डिस्क कर्नललाच दिसत नाही आणि एलव्हीएमला दोष देणे व्यर्थ ठरते. ड्रायव्हर प्रणालीत असूनही प्रारंभी उपलब्ध नसणे हा याचाच एक पोटप्रकार होय. मूळ फाइल-व्यवस्था स्वतःच तार्किक खंडावर असेल, तर तो खंड उघडण्याची साधने त्या खंडाच्या बाहेर असावी लागतात. यासाठी 'इनिट्रॅमएफएस' नावाची छोटी फाइल-व्यवस्था कर्नलबरोबर मेमरीत चढविली जाते. नव्या कर्नलसाठी ती अपुरी बांधली गेली, तीत एलव्हीएमचे कार्यक्रम आले नाहीत, किंवा प्रारंभाच्या आज्ञेत खंडाचे जुने नाव राहिले, तर संगणक काही काळ वाट पाहून आपत्कालीन शेलमध्ये थांबतो. डेबियन घराण्यात 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' व रेड हॅट घराण्यात 'ड्रॅकट' या आज्ञांनी ही फाइल पुन्हा बांधता येते.

तिसरी कडी, म्हणजे पाहण्याची मुखत्यारी, ही सर्वांत फसवी होय. म्हणून तिचा विचार सविस्तर केला पाहिजे. एलव्हीएमने कोणत्या डिस्क वाचाव्यात व कोणत्या वाचू नयेत हे 'एलव्हीएम.कॉन्फ' या फाइलीतील फिल्टरने पूर्वीपासून ठरविता येते. एलव्हीएम भौतिक खंडाची ओळख यूयूआयडीने पटवितो, त्यामुळे डिस्कचे नाव बदलल्याने त्याचे काही बिघडत नाही. फिल्टर मात्र नावांवरच चालतो. २००७ मध्ये फेडोराच्या सातव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या डिस्कची नावे 'एचडीए'ऐवजी 'एसडीए' अशी होऊ लागली. ज्या व्यवस्थापकाने 'एचडीए वाचावी, बाकी सर्व वर्ज्य' असा फिल्टर लिहून ठेवला असेल, त्याच्या यंत्रावर अशा बदलानंतर डिस्क, लेबल, नोंद आणि माहिती ही सर्व सुस्थितीत असूनही एलव्हीएमने डोळे मिटून घेतलेले असणार.

हीच गोष्ट अलीकडे निराळ्या रूपाने पुढे आली आहे. मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या नवव्या आवृत्तीत डिव्हाइस-यादीची पद्धत रूढ करण्यात आली. 'सिस्टम.डिव्हायसेस' या नावाची फाइल अस्तित्वात असेल, तर एलव्हीएम केवळ तीत नोंदलेल्या डिस्क पाहतो. बाकीच्या त्याच्या लेखी नसतातच, आणि जुना फिल्टरही दुर्लक्षिला जातो. या पद्धतीमागील हेतू योग्य आहे. एका यजमान संगणकावर अनेक आभासी संगणक चालत असता पाहुण्यांच्या डिस्कवरील खंडसमूह यजमानाने चुकून हाताळू नयेत, हे इष्टच होय. पण त्याचा परिणामही समजून घ्यावा. असे समजावे की, एका विभागाच्या सर्व्हरमध्ये प्रणालीची एक डिस्क व माहितीच्या दोन डिस्क आहेत. प्रणालीच्या डिस्कवर नववी आवृत्ती नव्याने बसविली आणि प्रतिष्ठापनेच्या वेळी निवडलेली तेवढी एकच डिस्क यादीत नोंदली गेली. आता 'एलएसबीएलके' ही आज्ञा तिन्ही डिस्क दाखवील, 'बीएलके-आयडी' माहितीच्या दोन्ही डिस्क एलव्हीएमच्या असल्याचे सांगेल, आणि 'पीव्हीएस' मात्र त्यांच्याविषयी अवाक्षर काढणार नाही. दोन साक्षीदार एक सांगतात आणि तिसरा गप्प राहतो. या विसंगतीतच निदान दडलेले आहे.

निदानाची खातरजमा करणेही सोपे आहे. 'पीव्हीएस' या आज्ञेस 'डिव्हायसेसफाइल' हा पर्याय रिकाम्या अवतरणासह दिला म्हणजे ती आज्ञा तेवढ्यापुरती यादी बाजूस ठेवून सर्व डिस्क वाचते. त्या वेळी हरवलेला समूह दिसला, तर दोष यादीचाच, हे सिद्ध झाले. मग 'व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस' ही आज्ञा समूहाच्या नावासह दिली की त्याच्या सर्व डिस्क यादीत दाखल होतात. यादीतील नोंद डिस्कच्या हार्डवेअर-क्रमांकासारख्या ओळखीवर आधारलेली असते. त्यामुळे आभासी संगणकाच्या डिस्कची जोडणीची पद्धत बदलल्यास तीच डिस्क परकी ठरू शकते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चौथ्या कडीच्या दोषांपैकी एक ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. एलव्हीएमच्या पहिल्या पिढीची रचनानोंद वाचण्याची क्षमता २०१८ मध्ये नव्या आवृत्त्यांतून काढून टाकण्यात आली. एखाद्या जुन्या सर्व्हरवर तशी नोंद शिल्लक असेल, तर नवी साधने तिला ओळखणार नाहीत. जुन्या प्रणालीवरच 'व्हीजीकन्व्हर्ट' या आज्ञेने तिचे रूपांतर करून घ्यावे लागते. दुसरा दोष अपूर्ण समूहाचा. समूहाची एक डिस्क आली नाही, तर जे साधे खंड तिच्यावर अंशतः वसलेले आहेत ते कार्यान्वित होत नाहीत. इतर खंडांस बाध येत नाही.

पाचव्या कडीत 'थिन' प्रकारच्या खंडांचा विशेष उल्लेख करावयास हवा. हे खंड कार्यान्वित करण्यापूर्वी 'थिन-चेक' हा स्वतंत्र कार्यक्रम त्यांच्या नोंदींची तपासणी करतो. तो कार्यक्रम वेगळ्या पॅकेजमधून येतो. आवृत्तीबदलात ते पॅकेज बसले नाही, तर समूह दिसतो, खंडाचे नावही दिसते, पण खंड निष्क्रिय राहतो. सहावी कडी तुटली असेल, तर खंड वस्तुतः हजर असतो आणि चूक केवळ 'एफएसटॅब'मधील नोंदीत असते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा : समूहाच्या किंवा खंडाच्या नावात संयोगचिन्ह असल्यास डिव्हाइस मॅपर ते दुहेरी करून दाखवितो. नेहमीच्या नावाने शोध घेणाऱ्यास खंड समोर असूनही सापडत नाही.

५. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम आपोआप निघतो. त्याचे सूत्र एकच : तळापासून वर जावे आणि निदान होईपर्यंत फक्त वाचावे, लिहू नये.

प्रथम 'एलएसबीएलके'ने डिस्क व तिची क्षमता कर्नलला दिसते काय, हे पाहावे. न दिसल्यास 'डीमेसेज' या आज्ञेतून कर्नलचे प्रारंभीचे निवेदन वाचावे. डिस्क दिसत असेल, तर 'बीएलके-आयडी'ने तिच्यावरील खूण तपासावी. 'एलव्हीएम-२ मेंबर' असे उत्तर आले, तर लेबल शाबूत आहे. 'लक्स' असे आले, तर खरा प्रश्न न उघडलेल्या एन्क्रिप्शनचा आहे. त्यानंतर 'पीव्हीएस', 'व्हीजीएस' व 'एलव्हीएस' या आज्ञा याच क्रमाने द्याव्यात. पहिली मौन पाळत असेल, तर फिल्टर व डिव्हाइस-यादी तपासावी. दुसरीने समूहाची डिस्क गहाळ असल्याचे सांगितले, तर सांगितलेला यूयूआयडी कोणत्या डिस्कचा होता हे जुन्या नोंदीवरून शोधावे. तिसरीच्या उत्तरात गुणदर्शक अक्षरांपैकी पाचवे अक्षर 'ए' नसेल, तर खंड अस्तित्वात असून केवळ निष्क्रिय आहे. अशा खंडासाठी 'व्हीजीचेंज' ही आज्ञा कार्यान्वित करण्याच्या पर्यायासह द्यावी. ती नाकारली गेल्यास नकाराचे जे शब्द पडद्यावर येतात ते पूर्ण वाचावेत, कारण थिन-चेक नसल्याची तक्रार तेथेच व्यक्त होते.

याला जोड म्हणून एक नियंत्रित प्रयोग करता येतो. बहुतेक वितरणे आवृत्तीबदलानंतर निदान एक जुना कर्नल प्रारंभाच्या यादीत ठेवतात. जुन्या कर्नलने संगणक सुरू केल्यावर खंड दिसला, तर डिस्क, लेबल व रचनानोंद ही तिन्ही एकदम दोषमुक्त ठरतात, आणि संशय नव्या कर्नलवर व त्याच्या इनिट्रॅमएफएसवर येऊन थांबतो. एकच घटक बदलून परिणाम पाहण्याची प्रयोगशाळेतील पद्धत येथेही तितकीच उपयुक्त आहे.

खंड कार्यान्वित झाल्यावरही तो लगेच नित्याप्रमाणे माउंट करू नये. प्रथम केवळ वाचनासाठी माउंट करावा. येथे पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट अशी की, केवळ वाचनाचा पर्याय दिला तरी ईएक्सटी-४ ही फाइल-व्यवस्था अपुरी राहिलेली जर्नल पुरी करण्यासाठी डिस्कवर लिहू शकते. ते टाळण्यासाठी ईएक्सटी-४ला 'नोलोड' व एक्सएफएसला 'नोरिकव्हरी' हा जोडपर्याय द्यावा लागतो.

६. उपायांतील धोका

ज्या आज्ञांनी खंड खरोखर नष्ट होतो त्या तीन आहेत, आणि तिन्ही उपायाच्या वेषात येतात. 'पीव्हीक्रिएट' ही भौतिक खंड 'परत बनविण्यासाठी' दिली जाते. ती जबरदस्तीच्या पर्यायासह दिल्यास नवे लेबल व नवा यूयूआयडी लिहून जुन्या समूहाशी असलेले डिस्कचे नाते तोडते. 'एमकेएफएस' ही फाइल-व्यवस्था 'दुरुस्त होईल' या समजुतीने दिली जाते. ती रिकामी फाइल-व्यवस्था उभारते. 'व्हीजीरिड्यूस' ही गहाळ डिस्क वगळण्याच्या पर्यायासह आणि जबरदस्तीने दिल्यास तक्रार मिटते खरी, पण त्या डिस्कवर अंशतः वसलेले खंडही नोंदीतून पुसले जातात. डिस्क केवळ सैल केबलमुळे गैरहजर असेल, तर हा उपाय म्हणजे रजेवर गेलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावरून कायमचे खोडण्यासारखे होय. अशी डिस्क परत आल्यावर एलव्हीएम तिला अद्याप गहाळच मानत असेल, तर 'व्हीजीएक्स्टेंड'चा 'रिस्टोअरमिसिंग' हा पर्याय योग्य असतो.

लेबल खरोखरच पुसले गेले असल्याचे सिद्ध झाले, तरच पुनर्लेखनाचा विचार करावा. एलव्हीएम प्रत्येक बदलानंतर रचनानोंदीची प्रत 'ईटीसी' डिरेक्टरीतील 'एलव्हीएम' या विभागात 'बॅकअप' व 'आर्काइव्ह' या दोन ठिकाणी ठेवतो. त्या प्रतीतील मूळ यूयूआयडी व ती फाइल यांचा निर्देश करून 'पीव्हीक्रिएट' दिली व नंतर 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर' चालविली, तर जुना नकाशा जसाच्या तसा पुन्हा उमटतो. ही प्रत उपलब्ध नसेल, तर डिस्कच्या आरंभीच्या चक्राकार जागेतील जुन्या नोंदी 'पीव्हीसीके'च्या नव्या आवृत्तीने वाचता येतात. मात्र या मार्गाने परत येतो तो नकाशा; मधल्या काळात माहितीवर लिहिले गेले असेल, तर ती परत येत नाही. म्हणून लेखनाची कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी प्रत्येक डिस्कच्या आरंभीचे काही मेबीबाइट, आणि शक्य असल्यास संपूर्ण डिस्क, अन्यत्र उतरवून घेणे आवश्यक आहे.

७. उपसंहार

या दोषाचा सर्वांत स्वस्त उपाय आवृत्तीबदलाच्या आदल्या दिवशी करावयाचा असतो. वर सांगितलेल्या तपासणीच्या आज्ञांची उत्तरे यूयूआयडींसह कागदावर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवावीत. रचनानोंदीच्या प्रतीही दुसरीकडे हलवाव्यात, कारण त्या मुळात ज्या खंडावर असतात तोच खंड उघडेनासा झाला तर त्यांचा उपयोग राहत नाही. फिल्टरमध्ये डिस्कची नावे आहेत काय, थिन खंडांची साधने नव्या आवृत्तीत बसणार आहेत काय, नियंत्रकाचा ड्रायव्हर शिल्लक आहे काय, एवढे प्रश्न आधी विचारले म्हणजे नंतरचे पुष्कळसे टळतात. माहितीची स्वतंत्र प्रत असणे हे तर गृहीतच धरले पाहिजे.

सारांश, आवृत्तीबदलानंतर न दिसणारा तार्किक खंड हा बहुधा न वाचला गेलेला नकाशा असतो. तो कोणत्या कडीवर अडला आहे हे कळेपर्यंत डिस्कवर एकही अक्षर न लिहिण्याचा संयम ज्या विभागात पाळला जातो, तेथील अनेक वर्षांचे संशोधन एका दुपारच्या घाईने नष्ट होत नाही.